ओव्हरलीफ फुकट आहे की खुलं?

"ओव्हरलीफ ओपन सोर्स आहे ना? मग ट्रॅक चेंजेसला पैसे कशाला?" लेटेकमध्ये, म्हणजे आज्ञा लिहून पानं मांडणाऱ्या प्रणालीत, पेपर लिहिणाऱ्यांच्या गप्पांत हा प्रश्न हमखास निघतो. ओव्हरलीफ हे लेटेक ब्राउझरमध्ये लिहायचं साधन, आणि ट्रॅक चेंजेस म्हणजे कुणी काय बदललं ते दाखवणारी त्यातली सोय. ओपन सोर्स म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला आहे असं सॉफ्टवेअर. घोटाळा नावाचा आहे. एकाच नावाखाली दोन गोष्टी नांदतात.

एक म्हणजे आपण ब्राउझरमध्ये उघडतो ते ओव्हरलीफचं संकेतस्थळ. ते फुकट वापरता येतं, पण मोफत खात्यात एका प्रोजेक्टवर आपल्याशिवाय एकच सहलेखक, आणि कंपाइलला, म्हणजे लिहिलेल्यातून पीडीएफ बनवायला, ठरावीक सेकंद. आकृत्यांनी ठासून भरलेला दोनशे पानी प्रबंध असेल तर हिरवं बटण दाबल्यावर पीडीएफऐवजी वेळ संपल्याचा निरोप येतो. त्यावर कुरकुर करणं म्हणजे अन्नछत्री जेवून वर मिरपूड मागणं, कारण प्रत्येक कंपाइल त्यांच्या सर्व्हरवर चालतं. तो खर्च वर्गणीदार आणि विद्यापीठांचे करार भागवतात. मागे भांडवल आहे ते डिजिटल सायन्स या कंपनीचं, म्हणजे जर्मनीच्या होल्ट्झब्रिंक समूहाचं. स्प्रिंगर नेचर या संशोधन-प्रकाशकातही याच समूहाचा मोठा वाटा आहे. पेपर लिहायची जागा आणि छापायची जागा एकाच घरात. यात काही काळंबेरं आहे असं नाही, पण ठाऊक असलेलं बरं.

दुसरी म्हणजे कम्युनिटी एडिशन, स्वतःच्या सर्व्हरवर बसवायची खुली आवृत्ती. हिचं मूळ शेअरलेटेक या ओव्हरलीफसारख्याच दुसऱ्या सेवेत. त्यांनी 2014 मध्ये आपला कोड एजीपीएल परवान्याखाली खुला केला. 2017 मध्ये ओव्हरलीफने शेअरलेटेक विकत घेतलं, पण कोड खुलाच राहिला. तो कुणीही घ्यावा, बदलावा. मात्र बदललेली आवृत्ती नेटवर लोकांना वापरायला दिली, तर तिचा कोडही त्यांना द्यावा लागतो.

खुलं म्हणजे बिनखर्ची नव्हे. सर्व्हर तुमचा, बॅकअप तुमचा, डॉकर या सॉफ्टवेअर बसवायच्या साधनाशी झटापटही तुमचीच. सोबत येणारं टेक लाइव्ह, म्हणजे लेटेकचा संच, अगदी जुजबी असतं, त्यामुळे पहिल्याच पेपरला एखादं पॅकेज सापडत नाही आणि 'टीएलएमजीआर' या पॅकेजं भरायच्या आज्ञेने सगळं भरत बसावं लागतं. शिवाय प्रत्येकाचं कंपाइल वेगळ्या कप्प्यात चालत नाही, म्हणून ही आवृत्ती विश्वासातल्या माणसांपुरतीच ठेवायची. ती वेगळ्या कप्प्यांची सोय आणि ट्रॅक चेंजेस, दोन्ही सर्व्हर प्रोमध्ये. ते स्वतःच्या सर्व्हरवर चालतं खरं, पण विकत घ्यावं लागतं.

म्हणजे मूळ प्रश्नातलं ट्रॅक चेंजेस खुल्या भागात कधी नव्हतंच. लेटेक मात्र दोन्हीकडे तेच. मोफत खात्यातूनही सगळ्या फायलींची झिप उतरवता येते आणि स्वतःच्या लॅपटॉपवर कंपाइल करता येते, सेकंद न मोजता.