हीटर लावलाय? पंधरा मिनिटांनी प्लग तपासा

डिसेंबर-जानेवारीत उत्तरेचं वारं सुटलं की धुळे-जळगावचा पारा 10 अंशांच्या खाली उतरतो. तोरणमाळ, डाबकडे तर दव गोठतं. मग माळ्यावरचा हीटर खाली येतो आणि हाताशी असेल त्या बोर्डात लागतो. लाल कॉइलला सगळे जपतात. प्लगकडे मात्र कुणाचं लक्ष नसतं.

2000 वॅटचा हीटर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट ओढतो. टीव्ही-मोबाइलचं छोटं सॉकेट 6 अँपिअरचं असतं. हीटरला 16 अँपिअरचा मोठा पॉवर प्लगच लागतो. तोही ढिला असेल तर? पिन आणि सॉकेटच्या पट्टीमध्ये विजेला फक्त 0.2 ओहम रोध (अडथळा) आला, तरी तिथे 15 वॅट उष्णता तयार होते, तीही हरभऱ्याएवढ्या जागेत. पितळ काळं पडतं, पट्टीचा ताण जातो, रोध आणखी वाढतो आणि उष्णताही. एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, इथे पडत नाही, कारण करंट वाढलेलाच नसतो. म्हणून एमसीबीच्या भरवशावर राहू नका.

हीटर 15 मिनिटं चालवा, बटण बंद करा, प्लग काढा आणि त्याच्या प्लॅस्टिकला हात लावा. किंचित कोमट असेल तर ठीक. चटका बसला, पिन काळ्या दिसल्या किंवा मासळीसारखा वास आला, तर प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. एकच बदलून भागत नाही. वायरमनकडून त्या पॉइंटपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि अर्थिंग आहे का, हेही बघून घ्या. एक्स्टेन्शन बोर्ड नकोच. गुंडाळून ठेवलेली वायर तर आतल्या आत तापून वितळते.

आता खानदेशातल्या घरांचा खास धोका. भाव वाढेल म्हणून कापूस पुढच्या खोलीत छतापर्यंत रचलेला असतो आणि तिथेच कडेला खाट असते. लालभडक कॉइल 700 अंशांच्या पुढे असते. कापूस 400 च्या आसपास पेट घेतो. हवेत उडणारे तंतू कॉइलवर बसले की ठिणगी होऊनच उडतात. ब्लोअर हीटर तर ते जाळीतून आत ओढून घेतो. कापूस असलेल्या खोलीत कुठलाच हीटर लावू नका, तेलाचासुद्धा. आग लागलीच तर आधी मेन स्विच बंद, मग पाणी. वरून विझलेला ढीग आत तासन्‌तास धुमसतो, म्हणून अग्निशामक दलाला बोलवाच.

झोपायच्या खोलीसाठी तेलाचा रेडिएटर त्यातल्या त्यात बरा, कारण त्याचा पृष्ठभाग लाल होत नाही. पण त्यावर ओले कपडे वाळत घालायचे नाहीत. गोधड्या, पडदे, मच्छरदाणी यांपासून कुठलाही हीटर किमान 1 मीटर दूर हवा. झोपण्याआधी अर्धा तास खोली तापवा, हीटर बंद करा आणि गोधडी घ्या. एवढ्यात एक युनिट जळतं.

‘हीटर ऑक्सिजन खातो’ असं म्हणतात, ते विजेच्या हीटरबाबत खरं नाही. तिथे काही जळतच नाही. हवा कोरडी मात्र वाटते: 10 अंशांची हवा 22 अंशांवर नेली की तिची सापेक्ष आर्द्रता निम्म्याहून कमी होते. ऑक्सिजन खाते ती शेगडी. भरीत भाजून उरलेले निखारे घमेल्यात घेऊन बंद खोलीत ठेवले, तर धूर दिसत नसतानाही कार्बन मोनॉक्साइड साचत जातो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या 200 पटींहून घट्ट धरतो. झोपेत तर काहीच कळत नाही. निखारे अंगणातच राहू द्या. खोलीतल्या सगळ्यांचंच डोकं एकाच वेळी दुखू लागलं, मळमळलं, तर पित्त समजून पडून राहू नका. दार उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि 108 ला फोन करा.