सहाव्या वर्षी येणारी दाढ आणि ती वाचवायची शंभर वर्षांची खटपट

साधारण सहाव्या वर्षी मुलांच्या तोंडात अगदी मागे, दुधाच्या दाढांच्याही मागे, एक नवी दाढ येते आणि ती येताना कुठलाच दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही की ही कायमची आहे. आपल्या इंदूरात राजेंद्रनगरला जा की रामबागेत, मराठी घरांमधे अजूनही "दुधाची आहे, पडेल आपोआप" हेच ऐकू येतं आणि तोवर लवंगेच्या तेलाचा बोळा. त्या तेलाने ठणका कमी होतो हे खरंय, त्यातल्या युजेनॉलमुळे, डॉक्टरांच्या तात्पुरत्या सिमेंटमधेही तेच असतं, म्हणजे आजीचं काही चुकत नाही. पण कीड आत चालतच राहते आणि ही दाढ एकदा गेली की परत येत नाही.

खूप काळ किडलेल्या दाढेला काढून टाकणं एवढाच उपाय होता. मग चांदी आली, म्हणजे चांदी, कथील, तांबं यांची पूड पाऱ्यात कालवलेली. अमेरिकेतल्या जी. व्ही. ब्लॅक यांनी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी तिचं प्रमाण नीट बसवलं आणि १९०८ च्या पुस्तकात खड्डा कसा कोरायचा याचे नियम दिले. नियम असा की किडलेलं तर काढाच, पण शेजारच्या चांगल्या खाचाही कोरून घ्या म्हणजे पुढे तिथे कीड लागणार नाही. चांदी दाताला चिकटत नाही, नुसती अडकून बसते, त्यामुळेही खड्डा मोठाच लागायचा. पण लहान मुलाच्या दाढेत नस मोठी असते आणि वरपर्यंत आलेली असते, शिवाय भरलेलं बदलायची वेळ आली की दर वेळी दाढ अजून थोडी कमी. माझ्या मते मुलांच्या कितीतरी दाढा किडीइतक्याच या कोरण्याने गेल्या.

१९५५ मधे अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या मायकेल ब्युनोकोर यांनी ही अडचण सोडवायची वाट दाखवली. धातूवर रंग नीट बसावा म्हणून कारखान्यात फॉस्फोरिक ॲसिड लावायचे, तेच त्यांनी दाताच्या वरच्या थरावर अर्धा मिनिट लावून बघितलं. त्याने बारीक बारीक खड्डे पडतात आणि रेझिन, म्हणजे प्लास्टिकसारखा दात भरायचा पदार्थ, त्यात घट्ट धरून बसतं. यातूनच १९६० च्या दशकात सीलंट निघालं, म्हणजे दाढ आली की तिच्या खोल खाचा कोरायच्याऐवजी भरूनच टाकायच्या. जिलेबीचा पाक, बिस्किटाचा लगदा याच खाचांमधे बसतो आणि तिथे ब्रशचा केस पोचत नाही. १९७२ मधे लंडनच्या विल्सन आणि केंट यांचं ग्लास आयोनोमर नावाचं दात भरायचं सिमेंट आलं, ते ओलसर दाताला स्वतःच चिकटतं आणि थोडं थोडं फ्लोराइडही सोडतं. १९८० च्या दशकात टांझानियात वीज नसलेल्या गावांमधे नुसत्या हाताच्या अवजारांनी कीड काढून दाढा भरल्या गेल्या आणि पुढे ही पद्धत ग्लास आयोनोमरच्याच जोरावर पसरली.

सगळ्यात अवघड गोष्ट नसेची. दाढ बाहेर दिसायला लागल्यावरही तिची मुळं पूर्ण व्हायला अजून तीनेक वर्षं लागतात, म्हणजे नऊ-दहा वर्षांपर्यंत मुळाचं टोक खाली उघडंच आणि भिंती पातळ. अशात नस मेली तर मूळ वाढायचंच थांबतं आणि नेहमीचं रूट कॅनाल करायला गेलं तर मसाला खालून बाहेर जातो. जर्मनीच्या हरमन यांनी १९२० मधे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, म्हणजे विझवलेला चुनाच, वापरात आणलं, मग १९६६ मधे फ्रँक यांनी तेच वारंवार भरून टोक बंद करायची पद्धत मांडली, पण त्यात कित्येक महिने जायचे, मूल तोवर कंटाळायचं आणि आईबापही, आणि पातळ मूळ मधेच तुटायची भीती राहायचीच. १९९३ मधे कॅलिफोर्नियात तोराबिनेजाद यांच्याकडे एमटीए तयार झालं, पोर्टलंड सिमेंटच्या जातीचं, ओलाव्यातही घट्ट होणारं. आता नस पूर्ण मेलेली नसेल तर वरची खराब झालेली तेवढी काढून खालच्या जिवंत नसेवर ते ठेवता येतं, मूळ आपलं आपण पूर्ण होतं. मला विचाराल तर मुलांच्या दाढांसाठी याच्याएवढं मोठं काम दुसरं झालं नाही.

२००१ मधे अजून एका त्रासाला नाव मिळालं, एमआयएच, म्हणजे मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. यात दाढ किडायच्या आधीच कच्ची असते, पिवळी-तपकिरी, चावताना कोपरा निघतो, गार पाणी लागलं की मूल ओरडतं आणि भूलही नीट चढत नाही. तिचा वरचा थर जन्मापासून तीन वर्षांपर्यंत बनतो, तेव्हाच काहीतरी बिघडलेलं असतं. आपल्या शेजारच्या धार-झाबुआकडे पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर डाग पडतात, ते मात्र बहुतेक सगळ्या दातांवर आणि डावी-उजवीकडे सारखे असतात, म्हणून दोन्हींत गल्लत करू नये. एमआयएचच्या दाढेवर स्टीलची कॅप बसवतात, ती पद्धत १९५० पासूनची आहे.

चांदीचं म्हणाल तर पाऱ्यावरच्या मिनामाता करारातल्या देशांनी २०२२ मधे १५ वर्षांखालच्या मुलांसाठी ती न वापरायचं ठरवलंय. आणि दाढ वाचण्यासारखी नसेलच तर काढणं आजही योग्य ठरतं, फक्त ते आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान, एक्स-रे बघून, कारण तेव्हा मागची बाराव्या वर्षी येणारी दाढ पुढे सरकून त्या जागी बऱ्यापैकी बसते, उशीर झाला की ती तिरकी येते आणि फट राहते.