ओपीडीत ऐकून घ्यायचे कोणी?

गावच्या दोतोराला, म्हणजे डॉक्टरला, घरातल्या तीन पिढ्यांची दुखणी तोंडपाठ असत, ही आठवण गोव्यात घरोघरी निघते. पणजीतली १८४२ची वैद्यकीय शाळा, १९६१नंतर वाढत गेलेली सरकारी आरोग्य केंद्रे, हे सगळे परिचयाचेच. पण पेशंटला वेळ दिल्याने फरक पडतो का, हे इथे मोजून पाहिले गेले ते अलीकडे.

त्याआधी धुपणीचा विषय. अंगावरून पांढरे जाते म्हणून बायका केंद्रावर येत आणि गोळ्या घेऊन परत जात. २०००नंतरच्या दशकात गोव्यातच झालेल्या पाहणीत या तक्रारीचे नाते जंतुसंसर्गापेक्षा मनावरच्या ताणाशी अधिक दिसले. आता नवऱ्याची दारू, डोक्यावरचे कर्ज हे केसपेपर हातात धरून, मागे रांग उभी असताना कोण बोलणार?

तोडगा निघाला, पण वादाचा. बोलायला डॉक्टर नव्हे, तर आरोग्यक्षेत्राशी संबंध नसलेल्या स्थानिक मुली शिकवून बसवायच्या. त्यांना म्हणायचे समुपदेशक. इथेच घोळ झाला. लग्न जुळवण्यापासून करिअरपर्यंत सगळीकडे हाच शब्द. शिवाय ‘बिनडिग्रीची बाई काय उपचार करणार’ हा आक्षेप होताच. ‘डिप्रेशन’ म्हटले की माणूस बिथरतो, म्हणून बोलताना ‘टेन्शन’च म्हणायचे ठरले. हे शहाणपण मला तरी औषधाइतकेच मोलाचे वाटते.

प्रयोग १२ सरकारी केंद्रांत आणि १२ खासगी दवाखान्यांत झाला. २०१०मध्ये आकडे आले. सरकारी केंद्रांत नैराश्य-चिंतेतून सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण समुपदेशक असलेल्या ठिकाणी ६५.९ टक्के, नसलेल्या ठिकाणी ४२.५ टक्के. खासगीत मात्र फारसा फरक नाही. ओळखीचा डॉक्टर तिथे आधीच चार शब्द बोलत असावा, असा त्याचा एक अर्थ लावला गेला. म्हणजे दोतोराची ती आठवण अगदीच भाबडी नव्हती.

२०१७मध्ये पुढचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ३० ते ४० मिनिटांच्या सहा ते आठ बैठका होत्या. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचे रेकॉर्डिंग ऐकून मार्क देत: कुठे घाई झाली, कुठे समोरच्याला मध्येच तोडले.

आणि डॉक्टरांचे? एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात संवादकौशल्य सक्तीचे झाले ते २०१९च्या तुकडीपासून.