सेक्शनल डेन्सिटी आणि बॅलिस्टिक कोइफिशंट: गोळीच्या डबीवरचे दोन आकडे

मध्यम बोअरच्या शिकारी रायफलसाठी, म्हणजे साधारणपणे .३३८ ते .३७५ इंच व्यासाच्या गोळीच्या रायफलसाठी, स्वतः काडतुसे भरणाऱ्यांच्या चर्चेत एक विधान हमखास ऐकू येते: ‘या गोळीची बीसी (बॅलिस्टिक कोइफिशंट) जास्त आहे, त्यामुळे ती जनावरात खोल शिरेल.’ हे विधान चूक आहे, आणि ते खोडून काढणारा मनुष्य बहुतेक वेळा त्याहून फारसे बरे नसलेले दुसरे विधान करतो: ‘खोल शिरण्यासाठी एसडी (सेक्शनल डेन्सिटी) पाहावी, .३०० च्या वर असली की काम झाले.’ दोन्ही आकडे डबीवर शेजारी शेजारी छापलेले असतात, दोन्ही शून्य पूर्णांक काहीतरी असे असतात, आणि बीसी ही एसडीमधूनच काढली जाते. तेव्हा गोंधळ का होतो हे समजण्यासारखे आहे, पण तो इतकी वर्षे तसाच का चालू राहावा हे समजण्यासारखे नाही.

बीसी बहुतेकांना माहीत असते, म्हणून तिच्यावर थोडक्यातच लिहितो. हवेचा अडथळा पार करताना गोळी आपला वेग किती टिकवते, त्याचा तो मापक आहे. गोळीच्या एसडीला आकारगुणकाने भागले की बीसी मिळते. टोकदार, मागे निमुळती होत गेलेली गोळी हा गुणक कमी करते आणि बीसी वाढवते. बीसी ज्यांच्याशी ताडून काढतात त्या जी-१ आणि जी-७ या दोन वेगळ्या प्रमाण-गोळ्या आहेत, त्यामुळे एकाच गोळीचा जी-७ आकडा जी-१ च्या साधारण निम्मा येतो, आणि एकीचा जी-१ दुसरीच्या जी-७ शी ताडून पाहण्यात काहीही अर्थ नाही. मध्यम बोअरच्या रायफलने नेहमीच्या शिकारी अंतरावर, म्हणजे दोनशे यार्डांच्या आत, गोलमुखी आणि टोकदार गोळीच्या मार्गातला फरक इंचभराहून फारसा अधिक नसतो. एवढ्या फरकासाठी ज्यांना झोप येत नाही त्यांनी आधी आपला नेम तपासावा.

आता एसडी. गोळीचे पौंडांतील वजन भागिले तिच्या इंचांतील व्यासाचा वर्ग, एवढेच तिचे सूत्र आहे. एका पौंडात ७००० ग्रेन असतात, म्हणून .३३८ ची २५० ग्रेनची गोळी ०.३१३ वर येते, तर .३७५ ची ३०० ग्रेनची ०.३०५ वर. या सूत्रात आकार नाही, टोक नाही, जॅकेटची (वरच्या धातूच्या आवरणाची) जाडी नाही, गोळी शिशाची आहे की सबंध तांब्याची, हेही नाही. गोलमुखी आणि सुईसारखी टोकदार अशा दोन गोळ्यांचे वजन आणि व्यास सारखेच असतील तर त्यांची एसडी तंतोतंत सारखी असते, बीसी मात्र पार वेगळी.

खरी अडचण पुढे आहे. डबीवर छापलेली एसडी ही न झाडलेल्या गोळीची असते. जनावराला लागल्यानंतर शिकारी गोळी फुलते, तिचा व्यास वाढतो, काही भाग झडून जातो, आणि व्यासाचा वर्ग छेदात असल्यामुळे एसडी कोसळते. हिशेब करून पाहू. समजा .३३८ ची साधी, शिशाच्या गाभ्याची २५० ग्रेनची गोळी ०.६५ इंचांपर्यंत फुलली आणि तिचे साठ टक्के वजन उरले, म्हणजे १५० ग्रेन. तिची एसडी आता ०.०५१ झाली. तिच्या शेजारी त्याच बोअरची २२५ ग्रेनची सबंध तांब्याची गोळी ठेवा, जिची मूळ एसडी अवघी ०.२८१ आहे, तीही ०.६५ इंचांपर्यंत फुलली, पण २२० ग्रेन वजन राखून राहिली, तर तिची एसडी ०.०७४ भरते. डबीवर मागे असलेली गोळी प्रत्यक्ष कामाच्या जागी जवळजवळ दीडपट पुढे गेली. म्हणून फुलणाऱ्या गोळ्यांच्या बाबतीत रचना आधी पाहावी आणि एसडी नंतर. एसडीची तुलना करायचीच असेल तर ती सारख्या रचनेच्या गोळ्यांमध्येच करावी. ‘.३०० च्या वर’ हा नियम जनावराच्या शरीरात आकार न बदलणाऱ्या गोळ्यांना लागू पडतो, आणि तिथे तो उत्तम लागू पडतो.

हत्तींचा शिकारी कारामोजो बेल याचे नाव या वादात नेहमी निघते, कारण त्याने ७ मिलिमीटरच्या रायफलने हत्ती मारले. त्याच्या १७३ ग्रेनच्या गोळीची एसडी ०.३०६ येते, म्हणजे .३७५ च्या ३०० ग्रेनच्या गोळीइतकीच. पण त्याच्या गोळ्या न फुलणाऱ्या होत्या आणि तो त्या नेमक्या जागी मारत असे. त्याच्या उदाहरणावरून मऊ टोकाच्या गोळीची खोली ठरवणे हा निव्वळ आळस आहे. शिवाय एसडी जखमेच्या रुंदीबद्दल काहीच सांगत नाही. ७ मिलिमीटर आणि .३७५ यांची एसडी सारखी आली म्हणून ती दोन काडतुसे सारखी होत नाहीत.

एसडीचे आणखी एक काम आहे, ज्याकडे फारच थोडे लोक लक्ष देतात: ते नळीच्या आत चालते, आणि बंदुकीच्या दारूची निवड त्याच्याशी बांधलेली आहे. वायूचा दाब गोळीच्या बुडावर पडतो, आणि त्या बुडाच्या दर चौरस इंचामागे किती वजन ढकलायचे हे एसडीच सांगते. ती जास्त असेल तर गोळी सावकाश हलते, मागची जागा सावकाश वाढते, दाब लवकर चढतो, आणि म्हणून सावकाश जळणारी दारू लागते. .३०-०६ आणि .३५ व्हेलन या काडतुसांची पुंगळी, म्हणजे पितळी कवच, मुळात एकच, फक्त मान रुंदावलेली. पण २०० ग्रेनच्या गोळीची एसडी पहिल्यात ०.३०१ आणि दुसऱ्यात ०.२२३ असते. म्हणूनच पहिल्यात जड गोळीमागे ४३५० क्रमांकाच्या वर्गातील दारू शोभते, तर व्हेलनला ४०६४ किंवा ४८९५ सारखी अधिक जलद दारू मानवते. त्याच व्हेलनमध्ये २५० ग्रेनच्या गोळीकडे गेलात की निवड पुन्हा थोडी सावकाश दारूकडे झुकते. बीसीचा या सगळ्याशी सुतराम संबंध नाही. नळीच्या आत हवा कापायची नसते. ‘बीसी जास्त आहे म्हणून सावकाश दारू घेतली’ असे कोणी म्हणाले तर निवड कदाचित बरोबर असेल, कारण मात्र चुकलेले आहे.

मात्र सारखी एसडी म्हणजे सारखा भार, म्हणजे दारूचे सारखे वजन, असे समजणे धोक्याचे आहे. तांब्याची घनता ८.९६, शिशाची ११.३४; त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते, पुंगळीत खोल बसते, दारूची जागा खाते, नळीतल्या आट्यांशी वेगळ्या रीतीने घासते, आणि स्थिर राहण्यासाठी तिला जलद पिळाची, म्हणजे आटे कमी अंतरात पूर्ण फेरा घेणारी, नळी लागू शकते. तेव्हा शिशाच्या गोळीचा छापील भार तांब्याच्या गोळीमागे घालू नये. त्या गोळीच्या स्वतःच्या पानावर जावे, तिथल्या किमान भारापासून सुरुवात करावी आणि दाबाच्या खुणा पाहत वर जावे. दारूंचा ज्वलनगतीचा तक्ताही यासाठी वापरू नये. तो फक्त क्रम सांगतो, दोन पायऱ्यांमधले अंतर सांगत नाही, आणि त्यावरून भार काढणारा मनुष्य अंदाजावर बोल्ट बंद करीत असतो.

माझी सवय अशी आहे: आधी जनावर आणि अंतर, मग गोळीची रचना, मग त्या रचनेत मिळणाऱ्या वजनांपैकी मधले वजन, आणि शेवटी त्या वजनाला साजेशी दारू. .३३८ मध्ये २२५ ग्रेनची सबंध तांब्याची किंवा गाभा जॅकेटला जोडलेली गोळी मला बहुतेक कामांना पुरेशी वाटते, आणि २५० ग्रेनची मी शिशाच्या गोळीसाठी राखून ठेवतो. बीसी मी सर्वांत शेवटी पाहतो, आणि तीही दोन गोळ्या बाकी सर्व बाबतींत सारख्या उतरल्या तरच.

दारूच्या डब्याबद्दल एक गोष्ट मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. आयएमआर ४३५०, एच ४३५० आणि ॲक्युरेट ४३५० या तीन वेगवेगळ्या ब्रँडच्या वेगळ्या दारू आहेत. ४८३१ च्या बाबतीत तर आयएमआरची दारू एचपेक्षा जलद आहे, त्यामुळे एचसाठी छापलेला भार आयएमआरने भरला तर दाब मर्यादेबाहेर जाऊ शकतो. भाराची नोंद करताना ‘४८३१’ एवढेच लिहिलेली वही मी दुसऱ्या कोणाच्या हाती देणार नाही, आणि दुसऱ्या कोणाच्या अशा वहीवरून काडतूसही भरणार नाही.