स्लॅब गळतोय की पाझरतोय?

आषाढात कोकणातल्या स्लॅबच्या घरात पाऊल टाकलं की छताकडे बोट दाखवून कुणीतरी सांगतंच, "स्लॅब गळतोय हो." गळणं आणि पाझरणं ही खरं तर दोन वेगळी दुखणी. आपण दोघांना एकच नाव देतो आणि मग औषधही एकच करतो: मे महिन्यात वरून पांढरं कोटिंग. आमच्या गुहागरच्या घरी सलग तीन वर्षं हेच केलं. तिन्ही वर्षी जुलैत माजघराच्या छतावरचा डाग होता तिथेच परत उमटला.

चौथ्या वर्षी एका म्हाताऱ्या गवंड्याने कोटिंगला हात लावायच्या आधी पेन्सिल मागितली. स्टुलावर चढून त्याने डागाच्या कडेने रेघ ओढली, शेजारी तारीख लिहिली आणि म्हणाला, "रोज संध्याकाळी अशी रेघ मारा. पाऊस किती पडला तेही लिहा. मग बोलू." पंधरा दिवस मी ते केलं. स्वयंपाकघरात पाइपाजवळ दुसरा एक डाग होता, त्याचीही नोंद ठेवली. तो पाइपाजवळचा डाग मोठी सर आल्यावर अर्ध्या तासात ओला व्हायचा, थेंब धरायचा, आणि उघडीप मिळाली की दुसऱ्या दिवशी कोरडा. माजघरातला मात्र सरीला दादच देत नव्हता. दोन दिवस कडक ऊन पडलं, त्या दोन दिवसांतही त्याची रेघ बोटभर पुढे सरकली. तो दिवाळीपर्यंत ओलाच राहिला.

पाइपाजवळची ती गळती, माजघरातला तो पाझर.

गळतीला सरळ वाट लागते. स्लॅब भरताना काम मधेच थांबवलं तिथला सांधा, नीट न ठासल्यामुळे पोकळ राहिलेलं काँक्रीट, पाइप आरपार नेला तिथली फट, उन्हापावसाने पडलेली भेग. एप्रिल-मेच्या उन्हात स्लॅब तापून फुगतो, पहिल्या पावसात गार होऊन आकसतो, आणि दरवर्षीच्या या हालचालीत भेग उघडते. पाणी त्या वाटेने उतरतं, म्हणून ते लवकर दिसतं आणि लवकर थांबतं. खालून पाहिलं तर बहुधा एक रेष दिसते, तिच्यावर चुनखडीसारखा पांढरा थर. काँक्रीटमधला चुना पाण्यात विरघळून खाली येतो आणि हवा लागली की घट्ट होतो.

पाझराला अशी एक वाट नसते. काँक्रीट डोळ्यांना भरीव दिसलं तरी त्यात केसाहून बारीक छिद्रं असतात. वर पाणी आठवडेच्या आठवडे बसून राहिलं की ते त्या छिद्रांतून मुरत खाली येतं. स्लॅबवरचा विटांच्या तुकड्यांचा कोबा तर स्पंजासारखा असतो. वरचा थर तडकला की कोबा पाणी पिऊन घेतो आणि पाऊस संपल्यावरही ते हळूहळू खाली सोडत राहतो. म्हणून उन्हातही डाग वाढतो. खाली थेंब क्वचितच पडतो. रंगाला फुगे येतात, पोपडे सुटतात, लोणा (क्षारांची पांढरी भुकटी) धरतो.

आता आमचं कोटिंग का फसलं ते कळेल. कोबा आतून ओला होता आणि आम्ही त्याच्यावर झाकण घातलं. ऊन लागल्यावर आतल्या ओलीची वाफ झाली, तिने कोटिंगला फुगे आणले आणि फुगे फुटले तिथून नवं पाणी आत गेलं.

कौलाचं काम सोपं, उतारावर आलेलं पाणी पागोळ्यांनी अंगणात सोडून द्यायचं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात श्रीवर्धन-दापोलीकडे कौलं आणि पत्रे उडाले, तेव्हापासून "आता स्लॅबच घालायचा" हे मी कितीतरी घरांतून ऐकलं. वाऱ्यापुरतं ते खरं आहे. पण सपाट दिसणारा स्लॅब खरोखरच सपाट ठेवला तर तो तळं होतो. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. ३० बाय ३० फुटांच्या गच्चीवर दिवसाला १०० मिलिमीटर पडला तर आठ हजार लिटरांहून जास्त पाणी होतं, आणि कोकणात मोसमाचे ३,००० मिलिमीटर धरले तर अडीच लाख लिटर. हे सगळं चार इंची पाइपांच्या तोंडातून जायला हवं, आणि त्यासाठी मीटरला निदान एक सेंटिमीटर ढाळ लागतो. पाऊस थांबल्यावर तासाभराने गच्चीवर जा. जिथे पाणी साचलेलं दिसेल तिथे खडूने गोल काढा. पाझराची सुरुवात बहुतेक वेळा त्या गोलाच्या आत असते.

बहुतेक वेळा म्हटलं, कारण आमच्याकडे ती कठड्यात निघाली. आपल्याकडे कठडा जांभ्याच्या चिऱ्याचा बांधतात आणि आतल्या बाजूला कित्येकदा गिलावाच करत नाहीत, चिरा दिसायला छान म्हणून. चिरा सच्छिद्र. चार महिने तो पाऊस पितो, आणि ते पाणी कोब्याच्या खालून स्लॅबवर उतरतं. वरून कितीही कोटिंग मारा, पाणी बाजूने आत येतंच आहे. कठड्याला आतून आणि माथ्यावर गिलावा, माथ्याला आतल्या बाजूला उतार, आणि कठडा गच्चीला मिळतो त्या कोपऱ्यात गिलाव्याची गोलसर भर (तिला वाटा म्हणतात): एवढं केल्यावर माजघराचा डाग पुढच्या पावसात वाढला नाही. पूर्ण सुकायला आणखी एक उन्हाळा गेला.

उन्हाळ्यात पाणी भरून चाचणी करतात, तीही नीट समजून घ्यावी. पाइपाचं तोंड बंद करून, आळं करून दोनेक इंच पाणी दोन दिवस ठेवतात. गळती असेल तर ती काही तासांत सापडते. पाझर दोन दिवसांत खाली पोचेलच असं नाही. चाचणीत छत कोरडं राहिलं म्हणून पाझर नाही असं समजू नये. आणि डाग मार्चमध्येही ओला असेल तर पाऊस सोडा, गच्चीवरची टाकी आणि नळाचे सांधे बघा.

गळतीवर उपाय त्या जागेपुरता. भेग खाचेसारखी उघडून, धूळ काढून, ताणलं तरी न तुटणाऱ्या सीलंटने भरायची. नुसतं सिमेंट भरलं तर पुढच्या मे महिन्यात ते तडकतं. पोकळ काँक्रीटमध्ये दाबाने ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, भरावं लागतं. पाझरावर उपाय मात्र अख्ख्या गच्चीचा: ढाळ, पाइपांची तोंडं, कठडा, भिजून गेलेला कोबा असेल तर तो उखडणं, आणि कोटिंग सगळ्यात शेवटी. ॲक्रिलिक कोटिंगला पृष्ठभाग पूर्ण कोरडा लागतो, म्हणून फेब्रुवारी ते एप्रिल हाच त्याचा काळ. सिमेंट मिसळून लावायच्या पॉलिमर कोटिंगसाठी उलट आधी पृष्ठभाग ओलसर करून घ्यावा लागतो. दोन्ही डबे एकाच दुकानात शेजारी मिळतात, तेव्हा डब्यावरचं वाचून घ्या.

दोन्हींत मला जास्त भीती पाझराची वाटते. थेंब पडला की आपण निदान पातेलं तरी ठेवतो. पाझर गुपचूप सळ्यांपर्यंत जातो, आणि किनाऱ्यावर तो एकटा जात नाही, मीठ घेऊन जातो. मीठ पोचलं की सळीवरचं संरक्षण तुटतं. गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो आणि खालचं काँक्रीट फोडून काढतो. काँक्रीटच्या बांधकामाचं भारतीय मानक ४५६ किनारपट्टीच्या उघड्या हवेतल्या काँक्रीटसाठी सळीवर काँक्रीटचं ४५ मिलिमीटर आवरण सांगतं. पोपडा पडलेल्या ठिकाणी मी मोजलं तेव्हा ते जेमतेम १५ भरलं. म्हणून खारवलेली मासळी थेट स्लॅबवर वाळवू नका, खाली जाड प्लास्टिक आणि त्यावर चटई घाला. शेवाळ घालवायला ॲसिड ओतू नका, ते काँक्रीट खातं. काथ्याचा ब्रश आणि पाणी पुरतं. मृगाच्या आधी पाइपांच्या तोंडांवरच्या जाळ्यांवरचा फणसाचा पाला काढा, जोराचा वारा होऊन गेला की पुन्हा काढा. कठड्याच्या फटीत पिंपळ उगवला असेल तर दोन पानांचा असतानाच उपटा.

छत खालून दांड्याने ठोकून बघा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द वाजलं किंवा सळी दिसू लागली, तर गवंड्याकडून वरवर गिलावा करून घेऊ नका. आधी इंजिनिअरला बोलवा, आणि पेन्सिलीच्या रेघा त्याला दाखवल्याशिवाय छताला रंग देऊ नका.