सैनिकांना फुकट शेती? ऑस्ट्रेलियाची खरी गोष्ट

‘पहिल्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियानं परतलेल्या प्रत्येक सैनिकाला फुकट शेत दिलं’, असा मजकूर अधूनमधून फिरत असतो. वाटप झालं होतं, म्हणून तो खरा वाटणं साहजिक आहे. पण ‘प्रत्येक’ आणि ‘फुकट’ हे दोन्ही शब्द चुकीचे आहेत.

आधी आकडे पाहू. ऑस्ट्रेलियातून परदेशात लढायला गेले सुमारे 3,30,000. त्यांतले जवळपास 60,000 मेले. परतलेल्या सैनिकांना शेतीवर वसवण्याच्या सरकारी योजनेत (‘सैनिक-वसाहत’) जमीन मिळाली ती साधारण 37,000 जणांना. म्हणजे परतलेल्यांपैकी सातातल्या एकाला, फार तर. आदिवासी सैनिकांना तर अर्ज करूनही बहुधा नकारच मिळाला, आणि वाटलेली जमीन मुळात त्यांच्याच पूर्वजांची!

आता ‘फुकट’. जमीन हप्त्यांवर किंवा भाडेपट्ट्यानं मिळे. घर, कुंपण, जनावरं, अवजारं यांसाठी सरकारी कर्ज, त्यावर व्याज. व्हिक्टोरिया राज्यातल्या मॅलीसारख्या कोरड्या, रेताड भागात तुकडे इतके लहान पडले की चांगल्या सालातही हप्ता फिटणं कठीण. त्यात शेतमालाचे भाव कोसळले. 1929 च्या सरकारी चौकशीत या योजनेतला तोटा सुमारे 2 कोटी 35 लाख पौंड निघाला. अपुरं भांडवल, छोटे तुकडे, अननुभव आणि पडलेले भाव ही कारणं तिथंच नोंदवली आहेत.

पडताळायचं असेल तर न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरियाच्या सरकारी दफ्तरखान्यांत या शेतकऱ्यांच्या फायली आहेत. बऱ्याच ऑनलाइनही दिसतात. एखादी उघडून थकबाकीचा पत्रव्यवहार आणि निरीक्षकाचे शेरे वाचा.