बैठकीतला कॉम्प्युटर आणि उघडं मेसेंजर

दारव्हा तालुक्यातल्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो २००६ साली, कापसाच्या चुकाऱ्यातून. दादाचं एमएस-सीआयटी झालं होतं. मशीन बैठकीत ठेवलं, मॉनिटरवर आईने शिवलेलं कव्हर. दहावीचा निकाल पाहायला गल्लीतली पोरं येत, कुणी नुसतंच बसायला येई. लॉक लावू म्हटलं तर काका म्हणाले, "घरचंच तं हाय, लॉक कायले पाह्यजे?"

इंटरनेटवरून एकमेकांशी लिहून बोलायचं मेसेंजर मात्र घरभराच्या वापरासाठी बनलेलं नव्हतं. आयसीक्यू १९९६ मध्ये आलं, एओएलचं मेसेंजर १९९७ मध्ये, याहूचं १९९८ मध्ये 'पेजर' या नावाने, एमएसएनचं १९९९ मध्ये. नावापुढचा दिवा पेटला की तो माणूस जागेवर आहे, हा सगळ्यांचा पाया. खुर्चीत दुसरंच कुणी बसलेलं असेल, हे त्या दिव्याला कळत नसे.

लॉगिनच्या चौकटीखाली 'पासवर्ड लक्षात ठेवा' अशी एक खूण असे. आमच्याकडे लोडशेडिंगमध्ये दिवसातून किती वेळा मशीन बंद पडायचं! दर वेळी पासवर्ड कोण टाकणार? खूण एकदा केली ती कायमची. त्यापुढे कॉम्प्युटर सुरू करणारा प्रत्येक जण आपोआप ताईच्या नावाने आत.

विंडोज एक्सपीत २००१ पासूनच घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं उघडायची सोय होती. आमच्याकडे सगळ्यांचं मिळून एकच खातं, तेही सर्वाधिकार असलेलं. म्हणून एकाने उघडलेली वाईट फाइल सगळ्यांना भोवायची. २००५ मध्ये एमएसएनवरून पसरलेले ब्रोपिया आणि केल्विर हे वर्म, म्हणजे आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम, असेच घरात शिरत. ओळखीच्या नावाने फाइल किंवा लिंक येई. ती उघडली की यादीतल्या पुढच्या लोकांना आपल्या नावाने जाई. याहूवरचं जुनं बोलणं साठवायचं ठरवलं तर ते हार्ड डिस्कवरच राही, वापरणाऱ्याच्या आयडीनेच जुजबी झाकलेलं. आयडी तर घरात सगळ्यांनाच पाठ.

आमच्याकडे वर्म आला नाही. एका दुपारी शेजारचा मुलगा निकाल पाहायला बसला आणि ताईचं अमरावतीच्या मैत्रिणीशी झालेलं बोलणं वाचत गेला. ते संध्याकाळपर्यंत पारावर पोचलं. पुढे तीन महिने ताईचं कॉलेजला जाणं बंद होतं. पासवर्ड कुणी चोरला नव्हता, तरी शिक्षा तिला झाली. याचा राग मला आजही येतो.

दुसऱ्याचा पासवर्ड लबाडीने वापरणं हा गुन्हा ठरवणारं ६६सी हे कलम माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने आलं आणि ऑक्टोबर २००९ पासून लागू झालं. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड. पण गावात शेजाऱ्याच्या पोरावर तक्रार करायला ठाण्यात कोण जातं?

मग मोबाइल आले आणि आता ज्याचं त्याच्या खिशात, असं वाटलं. जानेवारी २०१५ मध्ये फोनमधलं व्हॉट्सॲप कॉम्प्युटरवर उघडायची सोय, व्हॉट्सॲप वेब, आलं आणि खिशातलं पुन्हा बैठकीत आलं. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे संदेश वाटेत कुणाला वाचता येत नाहीत. पडद्यावर मात्र ते उघडेच असतात. आधी फोन बंद झाला की वेबही थांबायचं. २०२१ पासूनच्या नव्या पद्धतीत फोन बंद असला तरी जोडलेला कॉम्प्युटर चालू राहतो. फोन सलग चौदा दिवस वापरलाच नाही, तर ती जोडणी आपोआप सुटते. आणि फोन कोण चौदा दिवस बाजूला ठेवतं?

पीकविम्याच्या दिवसांत आमच्या कॉम्प्युटरवर अजूनही शेजारी येतात. कोड स्कॅन करून व्हॉट्सॲप उघडतात, सातबारा, पासबुकाचा फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतात आणि तसेच उठून जातात. कागद डाउनलोडमध्ये पडून राहतात, व्हॉट्सॲप उघडं राहतं. गेल्या हंगामात एका काकांच्या फोनमधली जोडलेल्या उपकरणांची यादी मी त्यांना उघडून दाखवली. तीन कॉम्प्युटर निघाले. एक आमचा, एक तालुक्याच्या झेरॉक्सवाल्याचा. तिसरा कुणाचा, हे काकांना शेवटपर्यंत आठवलं नाही, आणि तो त्याच सकाळी वापरलेला दिसत होता.